एका मैदानाचे दोन नकाशे

शाळेच्या मैदानाचं माझं पहिलं ड्रॉइंग लँडस्केप शिकवणाऱ्या सरांनी बराच वेळ पाहिलं. मी रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं. दक्षिणेच्या कुंपणाला गुलमोहराची रांग, मध्ये हिरवळ, कडेकडेने सरळ वाट. सर म्हणाले, "झाडं सुरेख काढलीस. आता ह्याच कागदावर मला दाखव, पाऊस पडला की पाणी कुठून येतं आणि कुठून जातं." मला दाखवता येईना. मग त्यांनी विचारलं, "आणि मे महिन्यात दुपारी साडेचारला इथं माणसं कुठं उभी असतात?" तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद गुंडाळून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, एकदा मेमध्ये जाऊन ये, एकदा जुलैमध्ये जाऊन ये, दोन्ही वेळचे नकाशे काढ, मग आपण झाडांबद्दल बोलू.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. सेलूला एका इंजिनिअरच्या ऑफिसात सात वर्षं घरांचे नकाशे काढले. परवानगीच्या नकाशात चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची आणि मध्ये घर बसवायचं. त्या सोडलेल्या जागेचं पुढं काय होतं, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नसे. मालक तिथं फरशी टाकून घेत, फरशीचा उतार घराकडे होई, आणि पहिल्या मोठ्या पावसात पायरीशी तळं साचलं की फोन येई. असे फोन घेता घेता मला घरापेक्षा त्या मोकळ्या जागेचंच जास्त वाटायला लागलं.

छत्रपती संभाजीनगरला एक निवृत्त लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे इमारतीबाहेरच्या मोकळ्या जागेची आखणी करणारे, शनिवार-रविवार स्वतःच्या घरी सहा जणांना शिकवत. सेलूहून रेल्वेने शनिवारी जायचं, मावशीकडे मुक्काम, रविवारी रात्री परत. सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की इथं शिकून कुणी लँडस्केप आर्किटेक्ट होणार नाही. 'आर्किटेक्ट' हा शब्द १९७२ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्यांपुरताच राखलेला आहे, आणि ह्या विषयाचं रीतसर शिक्षण साधारणपणे आर्किटेक्चरच्या पदवीनंतरच घेतलं जातं. मी आजही स्वतःला तसं म्हणवत नाही. पण पाया शिकायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि सरांनी तो मन लावून शिकवला.

प्रत्येकानं एक खरी जागा निवडायची होती. मी माझ्या मामाच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा घेतली. दीड एकराचं मैदान, उत्तरेला पत्र्याच्या तीन खोल्या, खालच्या अंगाला एक हापसा, आणि मैदान तिरकं कापत शेतांकडे जाणारी पायवाट.

सगळ्यात आधी लेव्हल. ऑफिसातलं जुनं डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, मागून घेतलं. मामेभाऊ स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, धरायला. मैदानात दहा-दहा मीटरवर चुन्याच्या खुणा केल्या, सत्तरएक झाल्या. शाळेच्या पायरीचा कोपरा १००.०० धरला आणि प्रत्येक खुणेची उंची त्या हिशोबात लिहीत गेलो. हापशावरच्या एक काकू बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय मोजायलीस गं? सपाटच तर हाय सगळं." मलाही ते सपाटच दिसत होतं. संध्याकाळी आकडे मांडले तेव्हा कळलं, ईशान्येच्या कोपऱ्यापासून नैऋत्येपर्यंत मैदान १ मीटर १० सेंटिमीटर उतरतंय. डोळ्याला दिसत नाही एवढा उतार, आणि पाण्याला पळायला पुष्कळ.

आकड्यांवरून समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढणं हे मी डिप्लोमात शिकले होते, पण परीक्षेपुरतं. आता ते हातानं करायचं होतं. एका खुणेवर ९९.३४ आहे, दहा मीटरवरच्या पुढच्या खुणेवर ९९.१७. मग ९९.२० ची रेषा ह्या दोघींच्या मध्ये कुठून जाईल? उतार १७ सेंटिमीटरचा, त्यातले १४ उतरल्यावर ती रेषा येणार, म्हणजे पहिल्या खुणेपासून सव्वाआठ मीटरवर. असं प्रत्येक जोडीचं. दोन संध्याकाळी गेल्या. पण टिंबं जोडायला लागले तेव्हा रेषा एका पट्ट्यात वरच्या बाजूला टोक काढून वळायला लागल्या, एकीखाली एक, अशा चार रेषा. समपातळी रेषेचं टोक उताराच्या वरच्या दिशेला असलं की तिथं घळ असते, खालच्या दिशेला असलं की उंचवटा. म्हणजे त्या सपाट मैदानातून एक ओहोळ गेलेला होता, आणि तो ईशान्येच्या भिंतीपासून निघून थेट तिसऱ्या वर्गाच्या दारासमोरून हापशाकडे उतरत होता. मी कागदाकडे बघत बसले. एवढी वर्षं सुट्टीत त्या मैदानात खेळले होते आणि मला तो माहीत नव्हता.

मातीचं परीक्षण त्यामानानं सोपं. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतात. वरच्या कोपऱ्यातल्या मुरमाड मातीचं पाणी संध्याकाळपर्यंत निवळलं. हापशाजवळच्या काळ्या मातीची बरणी तिसऱ्या दिवशीही गढूळ होती. दोन्हीकडे फूटभर लांबी-रुंदीचे आणि तेवढेच खोल खड्डे खणून पाणी भरलं. मुरमातलं सव्वा तासात जिरलं. काळ्या मातीतलं दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं शिल्लक. पाणी जिरवायचं असेल तर ते वरच जिरवायला हवं, खाली आलं की ते साचणारच, हे ह्या दोन खड्ड्यांनी मला जितकं स्वच्छ सांगितलं तितकं कुठल्या व्याख्यानानं सांगितलं नव्हतं.

मग मे आला.

सरांनी सांगितलं होतं, एक मीटरची सरळ काठी रोव आणि दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडा ठेव. आमच्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर असतो, काठीची सावली तिच्याच बुडाशी गोळा होते. त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेच्या बाजूला असतो. मी दक्षिणेला गुलमोहराची रांग काढली होती, ती ऊन अडवायला. तीन वाजता काठीची सावली ७६ सेंटिमीटर भरली, जवळजवळ पूर्वेला. साडेचारला १ मीटर ६० सेंटिमीटर, पूर्वेलाच पण जराशी जास्त दक्षिणेकडे झुकलेली. म्हणजे ज्या उन्हानं माणूस करपतो ते ऊन पश्चिमेकडून, किंचित उत्तरेचा कोन धरून येतं, आणि त्याला अडवणारं झाड त्याच बाजूला हवं. दक्षिणेची माझी रांग मे महिन्यात कुणाच्याच डोक्यावर सावली धरणार नव्हती.

आणि माणसं कुठं होती? शाळेला सुट्टी, मैदान ओस, पण हापशावर रांग. चार वाजल्यापासून बाया हंडे-घागरी लावून उभ्या. घागरींची रांग उन्हात आणि बाया पन्नास पावलांवर शाळेच्या भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात, आपला नंबर आला की धावत यायचं. एक पोटुशी बाई होती. ती भिंतीपर्यंत जाऊन पुन्हा परत येण्यापेक्षा घागरीशेजारीच खाली बसून राहिली, पदर डोक्यावर ओढून. त्या दिवशीच्या वहीत मी हापशाभोवती एक गोल काढला आणि बाजूला वेळ लिहिली. माझ्या मे महिन्याच्या नकाशावर तो गोलच मध्यभागी आला.

झाडांची यादीही त्याच महिन्यात बदलली. आपण झाड फुलावरून, पानाच्या आकारावरून निवडतो. सरांचा प्रश्न वेगळा होता, मे महिन्यात कुठलं झाड पानासकट उभं असतं? मी सेलू ते परभणी रस्त्यानं स्कूटीवर फिरत वहीत लिहीत गेले. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला, पण पान विरळ. गुलमोहर फुललेला, पानं नुकती कुठं यायला लागलेली. पळस फाल्गुनात पेटून आता सावरत असलेला. आणि कडुलिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ मात्र भर उन्हात हिरवेगार. करंजाची तर चैत्रातली नवी पालवी अजून चकाकत होती. ह्या झाडांखाली ठिकठिकाणी माणसं बसलेली होती, सायकली टेकलेल्या होत्या, गुरं रवंथ करत होती. बहाव्याचं झाड मला आजही फार आवडतं, ते शाळेच्या फाटकाशी लावलं. पण सावलीच्या जागी नाही.

मध्ये एका रविवारी सर आम्हाला बीबी का मकबऱ्यात घेऊन गेले. मी लहानपणी सहलीत तो पाहिला होता आणि ताजमहालाची नक्कल एवढंच ऐकून आले होते. सरांनी इमारतीकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. १७ व्या शतकात, औरंगजेबाचा मुलगा आझमशाह ह्यानं आईच्या, दिलरास बानूच्या, स्मरणार्थ बांधलेली ही जागा. चारी बाजूंनी उंच भिंत, आत चारबाग, म्हणजे चार चौकोनांत विभागलेली बाग, मधोमध कारंज्यांचा लांब पाट. सरांनी आमच्याकडून पावलं मोजून घेतली, वाटेची रुंदी, पाटाची रुंदी, बाजूच्या चौकोनांची. दरवाजातून आत येताना मधला पाट नजर धरून ठेवतो आणि माणूस न सांगता सरळ चालतो, हे मोजल्यावर समजलं. अक्ष म्हणजे काय, बंदिस्तपणा म्हणजे काय, हे शब्द मला तिथं कळले. तिथून पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून निव्वळ उतारावर तिथं आणलेलं. मलिक अंबरानं त्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी नहरी बांधल्या, त्याच परंपरेतलं हे काम. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे, हौदाचा तळ म्हणजे त्याचं छत. उन्हातून त्या दालनात उतरल्यावर जो गारवा लागतो, त्यासाठी वीज लागत नाही. आमच्यातला एक मुलगा तिथून निघायलाच तयार नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते घराजवळच्या वालूरच्या बारवेनं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीनं. सेलू तालुक्यातच आहे, गावकऱ्यांनी स्वतः राबून मोकळी केलेली. पायऱ्या गोल फिरत खाली जातात, शंखासारख्या. अशी चक्राकार बारव क्वचित पाहायला मिळते. मी तिथं दोनदा गेले, एकदा मेच्या दुपारी आणि एकदा श्रावणात. मेमध्ये दहा-बारा पायऱ्या उतरल्या की ऊन वरच राहतं, दगड हाताला गार लागतो. श्रावणात त्याच पायऱ्या पाण्याखाली. पाणी जसं खाली जाईल तसा माणूस एकेक पायरी खाली उतरतो, घडा कुठल्याही महिन्यात हाताच्या अंतरावर पाणी गाठतो. सर ज्या दोन नकाशांबद्दल बोलत होते, ते इथं बांधणाऱ्यानं एकाच दगडी कामात बसवले होते. मी काठावर बसून त्याचा छेद, म्हणजे उभा कापून दिसेल तसा नकाशा, काढला. आतापर्यंतच्या माझ्या रेखाटनांतलं ते मला सगळ्यात प्रिय आहे.

जुलैचा नकाशा काढायला पाऊस गाठणं भाग होतं, आणि आमच्याकडे पाऊस सांगून येत नाही. दोन आठवडे वाट पाहिली. एका दुपारी आभाळ भरून आलं तशी ऑफिसातून निघाले. पोचेपर्यंत कोसळायला लागला होता. शाळा सुटलेली, पण पोरं मैदानातच. त्यांना मी कडुलिंबाची पानं दिली आणि सांगितलं, पाण्यात टाका आणि पानामागं चालत जा. एक मुलगी ओरडली, "ताई, भिंतीखालून यायलंय!" वरच्या शेतातलं पाणी कुंपणाच्या भिंतीखालच्या भगदाडातून आत येत होतं, आणि तिथून अगदी त्याच वाटेनं चाललं होतं, जिथं माझ्या रेषांनी टोकं काढली होती. पानं तिसऱ्या वर्गाच्या दारासमोरून गेली, पायरीला एक वळसा घेतला, आणि हापशाभोवती जाऊन गोल फिरत थांबली. मी भिजलेली उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की पोरं माझ्याकडेच बघायला लागली.

वर पत्र्याचं पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हा हिशोब आता तोंडपाठ आहे. छत २१० चौरस मीटर. तीस मिलिमीटरची एक सर पडली तर ६,३०० लिटर. एवढं पाणी पागोळ्यांतून ओट्याशी आदळत होतं आणि मातीला खड्डे पाडत होतं.

सरांकडे दोन्ही नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढून नेले. त्यांनी खिडकीच्या काचेवर आधी मेचा चिकटवला, त्यावर जुलैचा. असे नकाशे एकावर एक ठेवून जागा वाचण्याची पद्धत इयान मॅकहार्ग ह्या लँडस्केप आर्किटेक्टनं १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजवली, तो मूळचा स्कॉटलंडचा. माती, पाणी, उतार, झाडी, प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक कागद, आणि सगळ्यांतून आरपार पाहायचं. माझ्याकडे दोनच कागद होते. पण उजेड आरपार आला आणि दिसलं की हापशाच्या पश्चिमेला, जिथं मला सावलीची झाडं हवी होती, नेमकं तिथंच जुलैमध्ये पाणी तुंबतं. मी तिथं कडुलिंब धरले होते. कडुलिंब दुष्काळ सोसतो, पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. करंज ओढ्याकाठचं झाड, थोडे दिवस पाय ओले राहिले तरी तगतं. एका कागदानं सावली मागितली, दुसऱ्यानं झाडाचं नाव सांगितलं. कडुलिंब वर मुरमात गेले, करंज खाली आले. सरांनी ह्यावेळी कागद गुंडाळला नाही, तसाच काचेवर राहू दिला आणि चहा सांगितला.

मुख्याध्यापिका बाईंना हिरवळ हवी होती. शहरातल्या शाळांमध्ये असते तशी, तीनशे चौरस मीटर. त्यांची हौस खरी होती आणि मला नाही म्हणणं जड गेलं. मी त्यांच्यासमोर हिशोब मांडला. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरला दिवसाला निदान पाच लिटर, म्हणजे रोज दीड हजार लिटर, तेही ज्या हापशावर बाया चार वाजल्यापासून रांग लावतात त्या गावात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते बाईंनाही आठवत होतं, त्यांचं माहेर तिकडचंच. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग पोरांना खेळायला हरळीच राहू द्या, पाऊस पडला की ती आपोआप येते.

काम ग्रामपंचायत आणि श्रमदानातून, हिवाळ्यात. ईशान्येच्या मुरमाड पट्ट्यात समपातळी रेषेला धरून दीड मीटर रुंद, वीतभर खोल असा उथळ चर, भगदाडातून आलेलं पाणी आधी तिथं पसरायला आणि जिरायला. पागोळ्यांखाली खडीची नाली, तिथून उरलेलं पाणी करंजांच्या आळ्यांकडे. हापशाशेजारी घागरी ठेवायला आणि बसायला कट्टा, ४५ सेंटिमीटर उंच.

चूक पायवाटेत झाली. ती तिरकीच ठेवायची हे सरांनी ठरवून दिलं होतं, बायांनी पायांनी आखलेली वाट आपण पुसायची नाही. पण तिच्याखाली काय घालायचं ते मी ठरवलं. पैसे कमी होते म्हणून तीन इंच मुरूम टाकून पेव्हर, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले. गवंडीमामा म्हणाले होते, "ताई, काळं रान हाय, फुगतं नि बसतं. खाली भराव द्या." मी ऐकलं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीनं पाणी पिऊन वाट फुगवली, उन्हाळ्यात ती तडकली, भेगेत हात मनगटापर्यंत जाईल एवढी. पेव्हर वरखाली झाले. एका आजीचा पाय अडखळला, डोक्यावरची घागर पडून फुटली. गुडघ्याला खरचटण्यावर निभावलं, पण मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि घागर आणून दिली. पुढच्या महिन्यात सगळी वाट उकलून दीड फूट काळी माती काढली, मुरूम थराथरानं भरून धुम्मसानं ठोकला, आडवा दोन टक्के उतार दिला, मग पेव्हर. त्यानंतर ती दोन पावसाळ्यांत हलली नाही. गवंडीमामांचा शब्द मी आता प्रत्येक ड्रॉइंगवर टीप म्हणून लिहिते.

झाडं जुलैमध्ये लागली. सहा करंज, चार कडुलिंब, दोन चिंचा, फाटकाशी बहावा. चिंचेची दोन्ही रोपं शेळ्यांनी खाल्ली, पुन्हा लावली, ह्यावेळी बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून. पहिले दोन उन्हाळे वर्गावार पाळ्या लावून मुलांनी पाणी घातलं, सुट्टीत हापशावरच्या बायांनी. हंडा विसळलेलं पाणी त्या आळ्यातच ओततात.

कट्ट्याची जागा मी काठीच्या हिशोबानं धरली होती. साडेचारला झाडाच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त सावली पडते, म्हणून करंज कट्ट्यापासून सहा मीटरवर, पश्चिमेला आणि थोडे उत्तरेला. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी जाते आणि साडेचारला सगळ्यात मोठ्या करंजाच्या सावलीच्या टोकाला खडूनं रेघ मारते. पहिल्या वर्षी रेघ निम्म्या वाटेतही नव्हती. यंदा ती कट्ट्यापासून दोन वीत अलीकडे आली. मी मोजत होते तेव्हा त्याच काकू रांगेत होत्या. त्यांनी आपली घागर उचलली आणि रेघेच्या आत, सावलीत आणून ठेवली.